सासूबाईंचं पान

मिनप्पा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव तीन तुकड्यांचं होतं आणि त्यातला 'मिन' एवढाच तुकडा सोलापूरकरांच्या तोंडात बसला. आता ज्याच्या हातचं रोज खायचं, त्याला नुसत्या नावानं कशी हाक मारायची, म्हणून कुणीतरी मागं 'आप्पा' जोडला. झाला मिनप्पा. माणूस कोरियाचा. गिरणीच्या मागच्या बोळात त्याची खानावळ होती. वर पत्रा, खाली सारवलेली जमीन, बसायला पट्ट्या. पाटी नव्हती आणि पाटीची गरजही नव्हती. बोळाच्या तोंडाशी आलं की लसणाचा आणि आंबलेल्या कोबीचा वास गिऱ्हाइकाचा हात धरून त्याला आत आणायचा.

ताटात ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, हुलग्याचं कढण आणि कडेला ते लालभडक आंबट. कोबी, मुळा, लसूण, मिरची आणि चिमूटभर सुकट, सगळं मिठात कालवून मिनप्पा मोठ्या बरणीत दाबायचा आणि बरणी परसात गळ्यापर्यंत पुरून ठेवायचा. नवा माणूस पहिल्या दिवशी नाक मुरडून म्हणायचा, "ह्ये काय नासकं वाढलंय?" आठवडाभरानं तोच ताट पुढं सरकवायचा, "आप्पा, आंबट वाढा की! हात का आखडता घेतलाय?" बासष्ट साली चीनशी लढाई लागली तेव्हा 'चिनी, चिनी' म्हणत कुणी टवाळांनी पत्र्यावर धोंडे टाकले होते. आतले जेवणारे उष्ट्या हातानिशी बाहेर आले आणि त्यांना बोळाबाहेर पिटाळून पुन्हा ताटावर बसले. मिनप्पाला देश विचारायची सोय त्यानंतर कुणाला राहिली नाही.

भाकऱ्या थापायला त्याची बायको, मुक्ताबाई. मंगळवेढ्याकडची. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी पहिला नवरा गेला आणि पोटासाठी ती सोलापूरला आली. खानावळ मुळात मानसिंगची. हा नातेपुत्याचा फौजी गडी. कोरियात लढाई थांबली तेव्हा तिथल्या कैद्यांवर पहारा करायला आपली फौज गेली होती, तिच्यात तो होता. जे कैदी ना घरी परत जायला तयार होते, ना पलीकडच्या बाजूला राहायला, त्यांना जहाजात घालून हिंदुस्थानात आणलं. बाकीचे बहुतेक पुढं सातासमुद्रापार निघून गेले. मिनप्पा मात्र मानसिंगच्या मागं मागं सोलापुरात आला. मानसिंगनं खानावळ घातली, याला चुलीपाशी बसवलं, मुक्ताबाईला परातीपाशी, आणि दोघांचं जमतंय असं दिसल्यावर स्वतः पुढं होऊन त्यांचं म्होतूर लावून दिलं. विधवेनं परक्या मुलखातल्या माणसाशी संसार मांडला म्हणून माहेरच्यांनी तिचं नाव टाकलं. मानसिंग पुढं निपुत्रिक वारला, आणि दर वर्षी सर्वपित्री अमावास्येला त्याचं पान मिनप्पाच वाढायला लागला. आपल्यात ज्याची तिथी माहीत नाही, ज्याचं करायला कुणी नाही, त्या सगळ्यांचा तो दिवस.

माणूस गुणाचा होता. पण त्याची एक खोड मुक्ताबाईच्या डोक्यात जायची. संध्याकाळी भात झाला की पहिला भात तो पितळी वाटीत काढायचा, वर झाकण ठेवायचा आणि वाटी चुलीच्या उबेला सरकवायचा. कुणी कितीही मागो, तिला हात लावू द्यायचा नाही. सगळे जेवून गेल्यावर जो कुणी उशिरा, भुकेला येईल त्याची ती वाटी.

"आमच्यात घरचं मानूस लांब गेलं, की आई त्याचा भात असा राखती," त्यानं सांगितलं होतं. "येईल, उपाशी येईल, म्हनून. माझी आई तितं माझा राखती. मी हितं तिचा राखतो."

"पर ती हाय का न्हाय, ह्ये तरी ठावं हाय का तुमास्नी?"

"भात राखती म्हंजे हाय की."

हा त्याचा हिशेब. तिकडं पत्र जात नव्हतं, तिकडून माणूस येत नव्हता. आई त्याच्यापुरती जिवंत होती.

मुक्ताबाईनं हेही सोसलं असतं. पण तिची कूस दोनदा भरली आणि दोनदा रिकामी झाली. दुसऱ्या वेळचं पोर तर पूर्ण दिवसांचं होतं, डोक्यावर काळंभोर जावळ असलेलं, आणि ते रडलंच नाही. त्यानंतर ती परातीवर बसायची ती खाली मान घालून. कुणीतरी तिला देवऋष्याकडे नेलं. त्यानं तांदळाचे दाणे पसरले, मोजले आणि सांगितलं, "सासरच्या एका बाईचं जेवान ऱ्हायलंय. ती उपाशी हाय तवर तुझी वटी भरायची न्हाय."

सासरची बाई एकच. मुक्ताबाई घरी आली आणि नवऱ्याच्या मागं लागली, की यंदा मानसिंगदादांच्या शेजारी सासूबाईंचंही पान वाढा.

"जित्या मानसाचं पान?" मिनप्पा एवढंच म्हणाला आणि उठून गेला. पुढल्या वर्षी तेच, त्याच्या पुढल्या वर्षीही तेच. इतर कशातही तो बायकोच्या शब्दाबाहेर नव्हता. या एका गोष्टीत मात्र तो जागचा हलला नाही.

बरं, त्याचा कावळ्यावर विश्वास नव्हता म्हणावं, तर तसंही नव्हतं. रोजचा जेवणारा कुंडलिक, गिरणीत मागावर होता, त्याची आई गेली तेव्हा दहाव्याला मिनप्पा नदीवर गेला होता. पिंड मांडून सगळे लांब उभे राहिले. कावळा झाडावर बसलेला, पण खाली येईना. ऊन चढलं. शेवटी कुंडलिक पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "आये, धाकटीचं लगीन मी लावून देतो. काळजी करू नगंस." कावळा सरळ खाली आला. मिनप्पा घरी आला तो थेट बायकोच्या परातीपाशी. "ती ऐकत हुती, मुक्ता. कुंडलिकची आई. समदं ऐकत हुती." त्या दिवशी त्याला अन्न गेलं नाही. मुक्ताबाईला खरं तर बरंच वाटलं. नवरा आपल्यातला झाला असं तिला वाटलं.

मग बहात्तर साल आलं. पावसानं पाठ फिरवली. बाजारात भाजी नावालाही दिसेना, कोबीचा गड्डा तर सोन्याच्या भावाचा झाला. रेशनवर मिळणाऱ्या लाल अमेरिकन ज्वारीच्या, मिलोच्या भाकऱ्या थापता थापता मुक्ताबाईचे हात भरून यायचे. आंबटाची बरणी तळाला गेली होती. जेवणारे कुरकुरत नव्हते. आहे ते वाटून खात होते. अशा वर्षी मुक्ताबाईला पुन्हा दिवस गेले.

ती घाबरली. आनंद व्हायच्या आधीच घाबरली. सर्वपित्रीच्या सकाळी तिनं नवऱ्याला शेवटचं विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. मग तिनं ठरवलं, की त्याला कळायचं कारणच काय?

दुपारी मिनप्पानं मानसिंगचं पान वाढलं. भात, वरण, वडा. शिडी लावून पत्र्यावर ठेवलं, हात जोडले आणि तो खाली जेवणारांत गेला. मुक्ताबाई पदराखाली दुसरं पान घेऊन वर चढली. त्यावर तिनं मऊ, चिकट भात वाढला होता, नवऱ्याला आवडतो तसा. शेजारी बरणीच्या तळाचं उरलंसुरलं आंबट. सासू काय जेवते हे तिला कुठं ठाऊक? नवऱ्याला आवडतं ते त्याच्या आईनंच लावलेलं असणार, एवढं तिला कळत होतं. पान मानसिंगच्या पानाशेजारी ठेवून ती मनात म्हणाली, "सासूबाई, तुमी मला बघितलं न्हाय, मी तुमास्नी बघितलं न्हाय. जेवा, आन् पोटातल्याला संबाळा."

ती शिडीवरून दोन पायऱ्या उतरली नसेल, तोच कावळा आला. मानसिंगच्या पानाकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. थेट दुसऱ्या पानावर उतरला आणि भाताचा घास घेतला. मागून दुसरा आला, तिसरा आला.

मुक्ताबाईला काही सुधरेना. इतक्या वर्षांची उपाशी बाई जेवली! गुपित ठेवायचं होतं हे ती साफ विसरली. तशीच धावत खाली आली आणि भरल्या पंगतीत ओरडली, "अवो, सासूबाईंनी घास घेतला! लगीच घेतला! मी पान ठेवलं, आन् कावळा शिवला बगा!"

मिनप्पा कढणाचं भांडं घेऊन वाकला होता. तो तसाच वाकलेला राहिला. जेवणारांचे हात ताटात थांबले. तो रागावला असता, भांडं आपटलं असतं, तर मुक्ताबाईनं ते सोसलं असतं. त्यानं भांडं खाली ठेवलं, सरळ उभा राहिला आणि हळूच विचारलं, "शिवला?"

"व्हय."

"लगीच?"

आता तिच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. कावळा शिवतो तो मेलेल्या माणसाच्या पानाला. मिनप्पा शिडी चढून वर गेला, एक पान चाटूनपुसून साफ झालेलं आणि दुसरं तसंच भरलेलं, ते पाहिलं, खाली उतरला आणि बोळातून निघून गेला.

परत आला तो डोकं भादरून. घरचं माणूस गेल्यावर करतात तसं. परसात, जिथं बरणी पुरलेली असायची तिथल्या मोकळ्या खड्ड्याशेजारी तो उकिडवा बसला. कुंडलिक अजून थांबला होता. मुक्ताबाईनं त्याच्यापुढं हात जोडले, "भाऊ, तुमी तरी सांगा की यांस्नी."

कुंडलिक जवळ गेला. "आप्पा, दुष्काळ हाय. गिरणीत आमच्या फडक्यातली भाकरी कावळं पळवत्यात. त्यांचं काय खरं धरता?"

"तुझ्या आईच्या येळंला खरं हुतं न्हवं?" मिनप्पानं विचारलं. आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. कुंडलिकला स्वतःच्या आईचा कावळा खोटा म्हणवेना. तो चपला घालून निघून गेला.

मग मुक्ताबाईच पुढं झाली. "माजं चुकलं. म्या पोटातल्या जिवापायी केलं. कावळा भुकंनं आला हुता वो, दुसरं काय न्हाय."

"दादाचं पान तसंच हाय. भुकंनं आला असता तर दोन्ही खाल्ली असती." त्यानं भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "मुक्ता, एक इचारू?"

"इचारा की."

"तितं माझ्या आईनं माझं पान वाढलं असंल का गं? लढाईला गेलेला पोरगा. परत आला न्हाय. लोकं म्हनली असतील, मेला."

या प्रश्नाला मुक्ताबाईला विचार करावा लागला नाही. तिचं ते न रडलेलं पोर दाईनं फडक्यात गुंडाळून नेलं, तेव्हा ती दार धरून म्हणत होती, झोपलंय, झोपलंय ते. अजूनही एखाद्या दुपारी तिला तसंच वाटायचं.

"न्हाय," ती म्हणाली. "आई वाढत न्हाय. दुनिया सांगू दे, सरकार सांगू दे. आई वाट बगती. तुमचं पान वाढलेलं नसनार, मी सांगते तुमास्नी."

ती त्याला धीर द्यायला बोलत होती. मिनप्पानं मान डोलावली. त्याला ते पटलं होतं, आणि पटलं तेच वाईट झालं.

"व्हय. तिनं न्हाय वाढलं," तो म्हणाला. "मी वाढलं."

"तुमी कुटं? म्या वाढलं. माझ्या हातानं."

"सुनंनं वाढलं, म्हंजे ल्योकानंच वाढलं की."

मुक्ताबाई त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. आपल्यातली रीत तिला कोण सांगणार? सुनेचा हात तो लेकाचाच हात, हे तिला या माणसापेक्षा जास्त माहीत होतं. तिनं एका माणसाची आई मारली होती, आणि तीही त्याच्याच हातानं. ती बाई जिवंत असली, कुठल्याशा थंडीत या घटकेला लेकाची वाट पाहत बसली असली, तरीही आता ती मेलेली होती.

"आमच्यात रडायची रीत हाय," मिनप्पा तिच्याकडं न बघता म्हणाला. "पोरानं काय बोलायचं, कसं बोलायचं, समदं ठरलेलं असतं. बाबा गेला तवा मी बोललो हुतो. आई शेजारी हुती, ती शबूद सांगायची." त्यानं ओठ हलवून पाहिले. दोनदा, तीनदा. नुसती हवा बाहेर आली. "आता एकबी शबूद येत न्हाय. तू रड, मुक्ता. तुमच्यातलं रड. तिला कुनीतरी रडाया पायजे."

बाहेर पाळी सुटल्याचा भोंगा झाला. जेवणारे बोळातून यायला लागले. मुक्ताबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मंगळवेढ्याच्या बायका रडतात तसा गळा काढला. 'माझ्या सासूबाई, तुमी मला बघितलं न्हाय, तुमच्या हातचं म्या खाल्लं न्हाय' म्हणत, सूर लावून, न पाहिलेल्या बाईसाठी ती रडत राहिली. मिनप्पा शेजारी बसून तिच्या तोंडाकडं बघत होता, आणि प्रत्येक ओळ तिच्यामागून हळूहळू म्हणत होता.