अस्वलानं गायत्याचं तोंड हुंगलं

हे कोणी मानणार नाही. मी सांगतोय म्हटल्यावर तर मुळीच नाही. पण आमच्या गावच्या मरका पंडुमाला, नव्या आंब्याच्या सणाला, एकदा अस्वल आलं होतं, आणि ते आंबे खायला आलं नव्हतं.

मे महिन्यातली दुपार होती. पहाटे तोडलेला तेंदूपत्ता घेऊन आम्ही मोहाच्या सावलीत पुडे बांधत बसलो होतो. धुरपताबाई, तिची नात रंजीता, आणखी चार-पाच बाया, आणि त्यांची करमणूक करायला मी, झिंगू. पुडा बांधायला माझे हात आता चालत नाहीत. तोंड चालतं.

विषय रंजीतानं काढला. पंडुम झाल्याशिवाय आमच्यात नवा आंबा कोणी तोंडात घालत नाही. घराघरांतून आंबे येतात, झाडाखाली आमच्या देवापुढे, पेनापुढे, रास पडते, गायता म्हणजे आमचा पुजारी आधी पेनाला देतो, मग गाव खातं. रंजीता म्हणाली, यंदा ती काही थांबली नाही, कैरी चिरून खाऊन मोकळी झाली. चैतू गायता स्वतःच पंडुमाआधी कैऱ्या खातो, गेल्या साली दोघातिघांनी डोळ्यांनी पाहिलं. मग आपणच कशाला थांबायचं? धुरपताबाईनं पानांवरची नजर काढली नाही. नुसतं म्हणाली, "बुधरीले विचार."

बुधरी तिथंच होती. जरा लांब, आमच्याकडे पाठ करून बसलेली. चार वर्षांमागं, पाच महिन्यांची पोटुशी असताना, तिनं झाडाखाली पडलेली एक कैरी मिठाला लावून खाल्ली. पंडुम व्हायचा होता. कोणीतरी ते गायत्याच्या कानावर घातलं. चैतूनं साऱ्या गावापुढं तिचे आंबे राशीतून बाहेर काढले, आणि या घरचा आंबा पेनाला चालणार नाही असं सांगून टाकलं. तो अजून चालत नाही. तिच्या पोराला साधा ताप आला तरी बाया एकमेकींकडे बघतात.

तिचं नाव निघालं आणि माझ्या मनात आलं, आज हिच्यावरचा डाग धुऊन टाकावा. खरं सांगून धुता आला असता. पण ती सवय मला नाही. म्हणून मी अस्वल आणलं.

सांगू लागलो, की चैतूनं बुधरीचे आंबे बाजूला काढले तोच पहाडीवरून अस्वल उतरलं. बैलाएवढं. ढोल बंद पडले. राशीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ गायत्यापुढं जाऊन दोन पायांवर उभं राहिलं, त्याच्या तोंडाला नाक लावलं आणि हुंगलं. मग मागं फिरून बुधरीच्या पायाशी जाऊन बसलं, पाळलेल्या कुत्र्यासारखं.

"बोललं नाई काई?" रंजीतानं हसत विचारलं.

"बोललं तं. चांगलं आपल्या माडिया बोलीत बोललं. म्हणे, आठ दिवस झाले, तरी याच्या तोंडाले तिखट-मिठाचा वास येऊन राह्यला."

बाया इतक्या हसल्या की एकीचा पुडा सुटून पानं मातीत गेली. बुधरीची पाठ हलली नाही.

ती पाठ पाहून मी थांबायला हवं होतं. त्या वासाची खबर अस्वलाला नव्हती, मला होती. त्या वर्षी पंडुमाच्या आठ दिवस आधी अहेरीच्या बाजारात, बांगड्यांच्या दुकानामागं, चैतू गायता पळसाच्या पानावर कैरीच्या फोडी घेऊन उभा होता. मला पाहून दचकला. मग पान माझ्यापुढं केलं. मी दोन फोडी खाल्ल्या. हे त्या दिवशी मोहाखाली मी बोललो नाही, इथं लिहितोय. लिहिताना समोर कोणाचं तोंड नसतं.

शरम आली की माझी गोष्ट फुगते. मी अस्वलाला पेनाच्या झाडावर पंजा ठेवायला लावला. गायत्याचा फेटा त्याच्याकडून फाडून घेतला. धुरपताबाई म्हणाली, चैतूनं जन्मात फेटा बांधला नाही. मी म्हटलं, त्या दिवसापासूनच नाही बांधला.

"अन् गावातलं कोणीच काई बोललं नाई?" रंजीतानं विचारलं. आता ती हसत नव्हती. "एवढी पोटुशी बाई उभी होती, अन् कोणीच नाई?"

"मी बोललो," मी म्हणालो. "सारे खाली पाहून राह्यले होते. मी एकटा उभा झालो. म्हटलं, चैतू, पोरीचे आंबे राशीत ठेव, अन् पहिले तुह्यं तोंड धू."

रंजीता माझ्याकडे अशी पाहू लागली, जसं गावात मला कोणी कधी पाहिलं नव्हतं. मला ते बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की क्षणभर मी खरंच उभा राहिलो होतो असं मलाही वाटून गेलं.

बुधरीनं हातातला पुडा पुरा केला, गाठ दातानं ओढली आणि आमच्याकडे वळून बसली.

"रंजीता," ती म्हणाली, "आंबा मी दरसाल ठेवला. राशीत नाई, झाडाच्या मागल्या अंगाले. तो गायत्याले नव्हता, पेनाले होता. गायत्यानं काय खाल्लं, काय नाई, ते पेन पाहून घेईल. त्याच्यापायी मी काऊन सोडू?"

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"झिंगूभाऊ, तू कुठी उभा झाला होता? तू तं गायत्याच्या बाजूले मान खाली घालून बसला होता. अन् माह्या कैरीचं त्याले कोणं सांगतलं? तूच सांगतलं. अस्वल आलं असन तं आलं असन, तेवढं आम्ही मानून घेऊ. पण तू बोलला, हे खोटं हाय."