हमीदानं झटकलेले कपडे

१९८२पासून एकवीस वर्षं नियाजभाईंनी जुन्या शेड पाडल्या. हडपसर, भोसरी, जिथं काम निघेल तिथं. छपराचे सिमेंटचे पत्रे घणानं फोडायचे आणि वरूनच खाली टाकायचे. तोंडाला रुमाल, बस्स. संध्याकाळी घरी येताना भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असत. बायको हमीदा त्यांचे कपडे दारातच काढून घ्यायची, मोरीपाशी सपासप झटकायची आणि मग भिजवायची. "अर्धी शेड घरी आणता तुम्ही," असं म्हणून हसायची.

काम सुटून बारा वर्षं झाली आणि हमीदाला धाप लागायला लागली. आधी दम्याची औषधं झाली. मग छातीत पाणी भरलं. काढलं की पुन्हा भरायचं. शेवटी छातीच्या आतला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट बघून डॉक्टर सुनीतींनी विचारलं, "यांनी ॲसबेस्टॉसच्या कारखान्यात काम केलंय का कधी?"

"अम्मीनं घराबाहेर कामच केलं नाही," मुलगी परवीन म्हणाली.

"आणि तुम्ही?"

नियाजभाईंनी पाडकामाचं सांगितलं, पत्र्यांचंही.

"त्या जुन्या पत्र्यांत ॲसबेस्टॉस असतं. फोडले की त्याचे बारीक तंतू उडतात, डोळ्यांना दिसत नाहीत. घरी तुमचे कपडे कोण धूत होतं?"

"मी," हमीदा म्हणाली. "दुसरं कोण धुणार?"

फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होता. रिक्षात नियाजभाई एवढंच म्हणाले, "मला व्हायला पाहिजे होता."

"काहीतरी बोलू नका. तुम्हाला तरी कुणी सांगितलं होतं?"

सात महिन्यांनी हमीदा गेली. चाळिसावा दिवस झाल्यावर परवीन लोणी काळभोरला सासरी परतली.

एकदा कात्रजला जाताना नियाजभाईंना घणाचे आवाज आले. एक जुनं गोदाम पाडत होते. ठेकेदार हिंदुराव पूर्वी त्यांच्याच हाताखाली होता.

"हिंदुराव, पत्रे फोडू नका. पाणी मारा, बोल्ट काढा, सबंध उतरवा. माणसांना चांगले मास्क द्या. अंघोळ करून, कपडे बदलूनच घरी पाठवा."

"चाचा, चार दिवस जास्त जातील. तुम्ही जन्मभर फोडलेत की! काय झालं तुम्हाला?"

"मला काही नाही झालं. हमीदाला झालं. माझे कपडे झटकून झटकून गेली ती."

हिंदुरावनं वरच्या माणसांना हाक मारून घण थांबवले आणि पाण्याचा पाइप मागवला.

दुसऱ्या दिवशी नियाजभाई पुन्हा गेले. पलीकडच्या बाजूला कोरडेच पत्रे फुटत होते. ते तिथं जाऊन उभे राहिले, पाइप येईपर्यंत हलले नाहीत. गोदामाचे सगळे पत्रे उतरेपर्यंत रोज गेले. निम्मी माणसं कपडे बदलून जायची, निम्मी तशीच.

शेवटच्या दिवशी ते उशिरा घरी आले. कुठं होतात एवढा वेळ, असं विचारायला घरात कुणी नव्हतं.