एकशे अठरा

पायाला भिंगरी लागल्यासारखी ती सकाळपासून घरात फिरत होती. बाबांच्या टेबलापासून स्वयंपाकघरात, तिथून गॅलरीत, गॅलरीतून पुन्हा टेबलापाशी. आईने दोनदा सांगून पाहिलं की घटकाभर बूड टेकव, आणि मग नाद सोडून इस्त्रीला लागली.

टेबलावर बाबांचा लॅपटॉप उघडा होता. त्याला साउंड कार्डचा काळा डबा जोडलेला, आणि पुढ्यात दोन तबकड्यांचा, बटणांच्या रांगा असलेला कंट्रोलर. त्यातल्या एका बटणाचा रंग मधोमध उडाला होता. तिथे बाबांचं बोट बसायचं.

पाच वाजता नाचाच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता. एकोणीस वर्षं त्याची गाणी बाबांनी वाजवली आणि विसाव्या वर्षी, कार्यक्रमाला चोवीस दिवस उरलेले असताना, ते गेले. क्लासच्या बाई भेटायला आल्या तेव्हा अवघडून बसल्या होत्या. बावीस नाचांची गाणी बाबांनी आधीच लावून ठेवली होती, कुठे तोडायचं, कुठून उचलायचं त्या खुणांसकट, आणि मुलींचे नाच त्यावरच बसवले होते. दुसरा कोणी आणला तर तो आपलं मशीन आणणार, आपल्या पद्धतीने वाजवणार. बाई एवढं बोलल्या, आणि ती म्हणाली, "मी वाजवते." आपण हे कसं बोललो ते तिचं तिलाही कळलं नाही. आईने फक्त मान वर करून पाहिलं.

काम तिला अगदीच परकं नव्हतं. लहानपणी ती बाबांच्या शेजारी स्टुलावर बसायची. एकेका नाचात दोन-तीन गाण्यांचे तुकडे असत. पहिला तुकडा संपत आला की नेमक्या ठेक्यावर बटण दाबायचं, म्हणजे दुसरा त्याच्या खुणेपासून सुरू. मुलींच्या पावलांना सांधा कळता कामा नये, एवढंच. बाबा म्हणायचे, बोट ठेवलं की ठेवलं, मग चुळबुळ करायची नाही.

दोन दिवसांपूर्वी सरावाला बसल्यावर तिला पहिल्यांदा जाणवलं की बटण दाबल्यावर आवाज लगेच येत नाही. बोट खाली जायचं, मध्ये एक पोकळी, मग गाणं. पोकळी डोळ्याची पापणी लवेल एवढीच, पण बोटाला ती पायरी चुकल्यासारखी लागायची. त्या पोकळीत तिचा जीव टांगणीला लागे आणि ती घाबरून पुन्हा बटण दाबे. मग गाणं अडखळून पहिल्यापासून सुरू होई. तिने ठरवून टाकलं, मशीन बिघडलं आहे.

पोटापाण्यासाठी ती यंत्रांची माहितीपत्रकं लिहायची. कपडे धुण्याची यंत्रं, पंप, पंखे. सूचना नीट पाळल्या तर यंत्र ऐकतं, यावर तिचा विश्वास होता. माणसांवर तिने तेवढा कधी टाकला नव्हता. चार ठिकाणी वाचून तिला कळलं ते असं. कॉम्प्युटरचा नेहमीचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज हाकणारा प्रोग्राम, गाण्याला दहा दारांतून फिरवून बाहेर सोडतो. साउंड कार्डाच्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर असतो, तो थेट सोडतो.

"ड्रायव्हर कशाला?" आईने इस्त्री थांबवून विचारलं. "गाडी खांबकाका चालवणार आहेत ना?"

तिने समजावून सांगितलं. आई म्हणाली, "एवढ्याशा वेळाने काय बिघडतंय? तुझ्या बाबांना हाक मारली तर ते तासाने यायचे."

हसू येता येता दोघींच्याही तोंडावर अडलं, आणि आई पुन्हा कॉलरीकडे वळली.

सकाळी नवाला तिने काम सुरू केलं. डबा आधी काढून ठेवायचा, ड्रायव्हर उतरवून बसवायचा, मशीन बंद करून पुन्हा सुरू करायचं, मग डबा जोडायचा. मशीन बंद करून पुन्हा सुरू करा, हे वाक्य तिने आयुष्यात शेकडो वेळा लिहिलं होतं. गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरच्या यादीत नवं नाव उमटलं. ते निवडलं. मग बफर, म्हणजे गाणं बाहेर पडण्यापूर्वी साठून राहतं ती टाकी. टाकी मोठी तर उशीर जास्त, लहान तर मशीनला धाप लागते. तिने सगळ्यात लहान करून पाहिली, तर गरम तेलात पाणी पडावं तशी तडतड. एक पायरी वाढवली, तडतड कमी. आणखी एक वाढवली, आवाज स्वच्छ. कोपऱ्यात एकूण उशीर दिसत होता: सहा मिलिसेकंद.

तिने रंग उडालेलं बटण दाबलं. बोट टेकताक्षणी ठोका. चोवीस दिवसांत तिच्या हातून दुरुस्त झालेली ही पहिली गोष्ट होती.

मग तिने पहिला नाच लावला. पहिला तुकडा संपत आला, ठेक्यावर बटण दाबलं, आणि दुसरा तुकडा पुढच्याच्या टाचेवर पाय द्यावा तसा घुसला. आधीच. शिवाय त्याचा पहिला ठोका कापलेला, नुसतं शेपूट ऐकू येत होतं. तिला वाटलं आपलंच चुकलं. पुन्हा केलं. तेच. दुसरा नाच, तेच. आठवा, तेच. खुणाच चुकीच्या जागी होत्या.

ती उठली, गॅलरीत गेली, परत आली. तिला गेल्या वर्षीचा गाडीतला एक प्रवास आठवला होता.

गेल्या वर्षी बाबांचा जुना लॅपटॉप फारच कण्हायला लागला म्हणून तिने आपला ऑफिसचा जुना त्यांना दिला होता. आठवड्याने एका शाळेचा कार्यक्रम होता, आणि कधी नव्हे ती ऐकायला गेली. तुकड्यामागून तुकडा उशिरा येत होता. मुलांची पावलं पुढे जायची, गाणं मागून यायचं; शेवटी तर दोन मुलं मध्येच उभी राहिली. परतताना गाडीत ती बाबांना म्हणाली होती, "बाबा, आता पुरे करा. हात मागे पडायला लागलाय तुमचा." ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "बघू." त्यानंतर ती त्यांच्या एकाही कार्यक्रमाला गेली नाही.

म्हणजे आपण म्हणालो ते खरंच होतं. हात गेला होता, आणि कान पण. आणि आता पाच वाजता, बाईंसमोर, पालकांसमोर, बावीस वेळा ते सगळ्यांना कळणार होतं, तिच्या हातून.

बारा वाजले होते. तीनला खांबकाका सामान न्यायला येणार. ते बाबांचे भागीदार. स्पीकर उचलणं, वायरी ओढणं आणि गाडी त्यांच्याकडे. उंचीमुळे ते नाव पडलं होतं, आणि त्यांना ते आवडायचंही. तिने ठरवलं, खुणा एकेक करून आपणच सरकवायच्या. कोणाला काही कळायचं कारण नाही.

पडद्यावर गाणं मोठं केलं की ते डोंगररांगेसारखं दिसे, ठोका म्हणजे सुळका. खूण सुळक्याच्या पायथ्याशी हवी होती. बाबांची खूण सुळका ओलांडून पुढे, उतारावर उभी होती. तिने किती मिलिसेकंद पुढे ते मोजलं, मग खूण मागे ओढली. दुसरीही. तिसरी ओढताना सवयीने कागदावर आकडे लिहिले होते, त्यांच्याकडे लक्ष गेलं. एकशे अठरा. एकशे सतरा. एकशे अठरा.

मनात पाल चुकचुकली. ती ओढायची थांबली आणि नुसती मोजत सुटली. चौथा नाच, नववा, सतरावा. एकशे अठरा, एकशे एकोणीस, एकशे अठरा. हात मागे पडलेल्या माणसाची चूक रोज वेगळी असते. ही चूक पट्टीने आखल्यासारखी होती.

तिने खुणा शेवटच्या बदलल्याची तारीख पाहिली. मग बाकीची गाणी उघडली, या कार्यक्रमाची नव्हेत, सगळीच. साडेअकराशे गाणी. नवी सोडली तर सगळ्यांच्या खुणा गेल्या वर्षी तीन आठवड्यांत बदललेल्या. गाडीतल्या त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवसापासून.

"आई," तिने बसल्या जागेवरून विचारलं, "गेल्या वर्षी बाबा काही दिवस रोज कुठे जायचे का?"

आई दारात आली. आठवून म्हणाली, हो, खांबकाकांच्या गोदामात. वायरी दुरुस्त करायच्या आहेत म्हणायचे. जेवणाचा डबा घेऊन जायचे. आईने एकदा विचारलं होतं की अशा किती मैल वायरी आहेत तुमच्याकडे.

तिने काकांना फोन लावला. ते थोडा वेळ घुटमळले. मग म्हणाले की तिने दिलेलं मशीन पहिल्या दिवसापासून तडतडायचं. उशीर वाढवला की गप्प बसायचं, पण मग गाणं मागे पडायचं. शाळेत तेच झालं. मशीन परत कर म्हणून त्यांनी बाबांना सांगून पाहिलं होतं.

"मग?"

"मग काय. म्हणाला, पोरीने हौसेने दिलंय. मशीन मागे राहत असेल तर मी खुणा पुढे नेतो. कानाला हेडफोन लावून एकेक गाणं वाजवायचा, ठोका ऐकला की बोट मारायचा. चुकलं की पुन्हा. तुला सांगू नको म्हणाला होता, आणि मी आज सांगून बसलो." मग त्यांनीच विचारलं, "तू ते दुरुस्त-बिरुस्त केलं नाहीस ना?"

तीन वाजता या, एवढं म्हणून तिने फोन ठेवला. पाण्याचा पेला उचलून तिने न पिताच परत ठेवला.

मग सगळं एका ओळीत बसलं. आवाज एकशे अठराने उशिरा येई, आणि खूण एकशे अठराने पुढे होती. ठेक्यावर बोट टेकलं की मध्ये पोकळी, आणि गाणं येई ते पहिला ठोका मागे टाकून, थेट मुलींच्या पावलापाशी. तिने पोकळी बुजवली, आणि साडेअकराशे गाणी घाईला आली.

सगळ्या खुणा मागे ओढायला वेळ नव्हता. बावीस नाच, पन्नास-साठ खुणा, त्या पुन्हा तपासायच्या. पण वेळ असता तरी त्यांना हात लावायची तिची आता छाती नव्हती. जुन्या ड्रायव्हरकडे परत जाणं दोन क्लिकचं काम. ती गेली. उशिराची सरकपट्टी मात्र आपली आपण चाळीसवर जाऊन बसली आणि स्पीकर तडतडले. बाबांचा आकडा पुसला गेला होता. बदल करण्यापूर्वी मूळ आकडे लिहून ठेवा, हे तिच्या प्रत्येक माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत असे. आज तिने ते केलं नव्हतं.

पण आकडा समोरच्या कागदावर होता. तिने सरकपट्टी ओढली. एकशे दहाला शेवटची तडतड थांबली. एकशे अठरावर तिने बोट उचललं. ओढलेल्या तीन खुणा मोजून जिथल्या तिथे ठेवल्या, आणि पहिला नाच लावला. पहिला तुकडा संपत आला. बोट टेकलं. पोकळी. दुसरा तुकडा असा आला की सांधा तिलाही ऐकू आला नाही.

तीनला काका आले. स्पीकर उचलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि आईला म्हणाले, "वहिनी, पोरगी बापासारखीच दिसायला लागली, कपाळाला आठ्या."

सभागृहात खुर्च्या भरत होत्या. पडद्याआड मुली एकमेकींच्या वेण्या घट्ट करत होत्या, कोणीतरी पाणी सांडलं होतं, बाई हातात यादी घेऊन वेड्यासारख्या फिरत होत्या. स्टेजच्या कडेला बाबांच्या टेबलामागे ती बसली आणि तिचा पाय टेबलाखाली हलायला लागला. काका वायर चिकटवत होते, त्यांनी खालूनच तिच्या गुडघ्यावर टपली मारली. पाय थांबला, बोटं सुरू झाली.

पहिला नाच सगळ्यात लहान मुलींचा. नऊ जणी. पहिला तुकडा धड गेला. सांध्याच्या आधी ती मोजायला लागली: सहा, सात, आठ. बोट टेकलं.

काही नाही.

घरी होती त्यापेक्षा ही पोकळी लांब वाटली. तिचं बोट पुन्हा दाबायला उचललं गेलं. सगळं शरीर दाब म्हणत होतं. समोर नऊ मुलींनी उजवा पाय उचलला होता, कोणाचीही वाट न बघता. त्या वर्षभर अशाच नाचल्या होत्या. तिने बोट तिथेच धरून ठेवलं.

पावलं खाली आली, आणि त्यांच्याखाली गाणं होतं.

उरलेल्या एकवीस नाचांत तिचं बोट प्रत्येक वेळी दुसऱ्यांदा उचललं गेलं आणि प्रत्येक वेळी तिने ते धरलं. सवय काही झाली नाही. शेवटी बाई आल्या, तिचे दोन्ही हात हातात घेतले, घट्ट दाबले आणि मग मुलींकडे वळल्या.

काका कोपरावर वायर गुंडाळत होते; सकाळचा घोळ तिने त्यांना येताना गाडीत सांगितला होता. म्हणाले, आता सवड आहे तर मशीन नीट करून घे, त्या नव्या ड्रायव्हरने. खुणा काय, दोघं बसून ओढू. गोदामात जागा आहे.

तिने बाईंच्या यादीच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत ११८ लिहिलं, तेवढा कागद फाडला आणि लॅपटॉपच्या झाकणाच्या आत चिकटपट्टीने लावला.

"आज नको, काका," ती म्हणाली, आणि झाकण मिटलं.