अक्षरबाबांना आलेला निरोप

छापखान्याच्या दारात सकाळपासून झुंबड उडाली होती. आत प्रिंटर कागद ओकत होता आणि त्यावर मराठीचा मागमूस नव्हता. चौकोन, डॉलरची चिन्हं, इंग्रजी अक्षरांचा काला. पडद्यावर मात्र तोच मजकूर अगदी स्वच्छ! मालक वारल्यावर जावयाने जुना संगणक काढून नवा आणला, त्यावर लिनक्स ही वेगळी संगणकप्रणाली घातली, तेव्हापासून हे सुरू होतं. गेलेला माणूस कागदावरून बोलतोय, असं गावातल्या अक्षरबाबा नावाच्या बुवांनी जाहीर करून टाकलं. ही लिपी अख्ख्या जगात त्यांना एकट्यालाच वाचता येत होती. केवढी सोय!

छापखान्याची मालकीण, म्हणजे आपली मावशी, चक्कर येऊन पडली हे कळताच भाची धावत आली. ती शाळेत संगणक शिकवायची आणि जिभेने तिखट होती.

"इंजेक्शन घेतलंस का?"

"नाही गं. तुझे काका म्हणाले, सुई बंद कर. साखर आता तेच सांभाळणार." मावशीने गिचमिड कागद पुढे केला.

भाचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"परलोकात शाई नसते, बाळ," बाबा डोळे मिटून म्हणाले. "म्हणून आत्मा टोनर वापरतो."

गर्दीने माना डोलावल्या. टोनर कोण भरतं, हे कोणी विचारलं नाही.

"मग आत्ता बोलवा त्यांना." भाचीने पडदा भिंतीकडे वळवला, एक ओळ टाइप केली आणि छापून बाबांच्या हातात दिली.

बाबांनी कागद कपाळाला लावला. "गहिवरलाय बिचारा! म्हणतो, सुईला शिवू नकोस आणि बाबांना अंतर देऊ नकोस."

"वा! स्वतःची शिफारसही आणलीत."

तिने तीच ओळ पुन्हा छापायला घेतली, या वेळी फाइलमध्ये फॉन्ट जोडायच्या चौकोनात खूण करून. स्वच्छ मराठी बाहेर आलं. शेजारच्या शिंप्याने मोठ्याने वाचलं, "हे काकांनी नाही, मी लिहिलंय. बाबांना यातलं अक्षरही कळत नाही."

"यंत्राला अश्रद्धेची बाधा झाली!" बाबा ओरडले.

"बाधा झाली म्हणून अक्षरं सुधारली?"

हशा पिकला. भाची म्हणाली, "या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली आहेत. फॉन्ट संगणकात आहे, म्हणून पडद्यावर मराठी दिसतं. प्रिंटरला मात्र त्याचं नुसतं नाव पोचत होतं. त्याच्याकडे तो फॉन्ट नाही, मग तो आपलाच वापरतो आणि खालची इंग्रजी चिन्हं उघडी पडतात. जुन्या संगणकावर खूण केलेली होती, नव्यावर राहून गेली. संपली भुताटकी."

बाबा चप्पल शोधायला लागले.

"म्हणजे ते काहीच बोलले नाहीत?" मावशीने विचारलं.

"नाही गं, मावशी."

मावशी ढसाढसा रडली. भाचीने डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तसं इंजेक्शन दिलं आणि मगच गर्दीकडे वळली.

"फॉन्ट कळायची गरज नव्हती हो. हाच कागद बाबांना दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला लावला असता, तरी त्यांनी वेगळंच काही वाचलं असतं आणि पितळ उघडं पडलं असतं. पुढच्या वेळी औषध सोडा असं कोणी म्हणालं, तर हात जोडायच्या आधी एवढं तरी करून बघा."