पिवळ्या पिशवीची गोष्ट

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत मावशी चाकावर काचा घासायची आणि पुढे काउंटरवर चिमणी गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवायची. दोघी पन्नाशीच्या. ही नावं दुकानात पडलेली. चिमणीची जीभ टाळ्याला लागत नसे म्हणून ती चिमणी. गुरुवारी दुकान अर्धा दिवस असायचं. गेली नऊ वर्षं दोघी गुरुवारी सिनेमाचा दुपारचा खेळ बघायच्या आणि पुढचे सहा दिवस त्याचा कीस पाडायच्या.

"त्याला कशाला घेतलं पोलीस म्हणून? चोर समोर आला तर हा आधी केस सारखे करेल," चिमणी म्हणायची.

"आणि तिला त्याची आई केलंय. परवापर्यंत त्याच्याबरोबर नाचत होती," मावशी चाक थांबवून आतून उत्तर द्यायची.

एका सोमवारी चिमणीने बातमी आणली. एका नव्या सिनेमात मोठ्या बहिणीच्या भूमिकेसाठी अनोळखी चेहरा हवा होता. आपल्या आयुष्यातला एक प्रसंग दोन मिनिटांत सांगायचा आणि व्हिडिओ पाठवायचा.

मावशी जरा घुटमळली. "मी पाठवू का गं?"

"या वयात? उगाच हसं होईल तुझं," चिमणी म्हणाली. मावशीने विषय सोडला.

महिन्याभराने मालकीणबाई फोन घेऊन मागच्या खोलीत आल्या. "अगं, आपल्या चिमणीला घेतलं त्या सिनेमात. व्हिडिओ टाकलाय त्यांनी. लाखभर लोकांनी बघितलाय."

पडद्यावर चिमणी खुर्चीत बसून बोलत होती. "माझा धाकटा भाऊ भांडून घरातून गेला. सात वर्षांनी एका दुपारी दारात आला. हातात पिवळी पिशवी. वडील आत झोपले होते, त्यांचा शब्द होता की तो घरात येणार नाही. मी दाराच्या भोकातून बघत राहिले. त्याने तीनदा बेल वाजवली. मी उघडलं नाही." मग ती रडली.

चिमणीला भाऊच नव्हता. हे सगळं मावशीने एकदा मध्यंतरात, दिवे जायच्या आत घाईघाईने तिला सांगितलं होतं. मावशीच्या आईलासुद्धा ते माहीत नव्हतं.

"किती मनापासून सांगितलंय," मालकीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. मावशीने हातातली काच परत चाकावर धरली आणि कड नको तितकी घासून टाकली. आता कुणाला सांगायचीही सोय नव्हती. लोक म्हणाले असते, व्हिडिओतलंच सांगतेय.

संध्याकाळी शटर ओढताना तिने विचारलं, "का केलंस?"

"माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं गं. डबे भरले नि काउंटरवर उभी राहिले, झालं माझं आयुष्य. आणि तुझं नाव कुठे घेतलंय मी?"

"मला म्हणालीस, हसं होईल."

चिमणी खाली बघत म्हणाली, "तू पाठवलं असतंस, तर तुलाच घेतलं असतं."

मावशीने किल्ली तिच्या हातात ठेवली आणि चालू लागली.

रविवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, तो पिशवीचा व्हिडिओ बघितला. तू घरात होतीस?"

आधीची सात वर्षं आणि त्या दुपारनंतरची दहा, एवढ्या काळाने ऐकलेला आवाज. नाही म्हणणं सोपं होतं.

"होते," ती म्हणाली.

"मी समजत होतो, तुम्ही घर बदललं. तेवढ्यावर मी इतकी वर्षं काढली." फोन बंद झाला.

ती रोज त्या नंबरवर फोन करत राहिली. नवव्या दिवशी त्याने उचलला.

"ती बाई कोण? पिशवीचं तिला कुणी सांगितलं?"

"मीच. दुकानात कामाला आहे ती."

"आणि आपले वडील?"

"गेले. आई आहे. तुला ये म्हणायला मला तोंड नाही, पण ये."

"बघतो," तो म्हणाला.

तो अजून आलेला नाही, पण फोन उचलतो. चिमणीने काउंटर सोडलं. जाताना ती मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबली होती. मावशीने चाक थांबवलं नाही.