मधली फळी

"बाबा, आपला बोका सपाट जमिनीवरसुद्धा खड्डा ओलांडल्यासारखा का चालतो?"

हे विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी लावली होती. आई बोक्याला घेऊन मला न्यायला शाळेत आली, तेव्हा त्यांनी त्याला मैदानावर चालताना पाहिलं. बोका म्हणजे माझा दीड वर्षाचा भाऊ. तो दर दोन पावलांनी गुडघा पोटापर्यंत उचलत होता, आणि समोर काही म्हणजे काही नव्हतं. आधी सगळ्या खो-खो हसल्या. मग एकीने विचारलं, "अगं, तुमच्याकडे अजून फरशी नाहीये का?" मी बोक्याला कडेवर घेतलं. दुसरी म्हणाली, "वक्तृत्वात पहिली येतेस ना? मग घरी तोंड उघडून दाखव की."

तर उघडलं. रात्री जेवताना.

आमचं घर वयाने आईपेक्षा मोठं आहे. जुने पाइप बदलायचे म्हणून बाबांनी पुढच्या दोन्ही खोल्यांची फरशी उखडली, कमरेइतके खोल चर खणले आणि त्यांवर मध्ये फटी सोडून फळ्या टाकल्या. तात्पुरत्या! तेव्हा बोका आईच्या पोटात होता. पुढे तो फळीवर रांगला, फळीवर उभा राहिला. न्हाणीघराला दार नाही, चादर आहे. आत असेल त्याने गाणं म्हणायचं, असा नियम. माझी पाच वर्षांची बहीण ठकी, तिला एकच गाणं येतं. ते आता शेजाऱ्यांनाही पाठ आहे. पण गवंडी बोलवायचा नाही. "आपलं घर आपल्या हातांनी उभं करायचं," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. आठवडाभर ऑफिसात फायली सरकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी थापी धरायची.

माझ्या प्रश्नावर बाबांचा घास हातातच राहिला.

"हुशार आहे म्हणून," ते म्हणाले. "पाय उचलून चालतो. पडत नाही."

"पण समोर खड्डा नसतानाही?"

आईने ठकीला आणखी भात वाढला. बाबा अर्ध्या ताटावरून उठले. खरं सांगते, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पैज जिंकले होते ना मी!

शनिवारी सकाळी बघते तर बाबा आधीच कामाला लागलेले. प्रश्न चांगलाच झोंबला होता. "आज हा चर बुजवूनच दाखवतो," असं म्हणत त्यांनी मधली फळी उचलून भिंतीला टेकवली आणि सिमेंट कालवायला ते मागच्या अंगणात गेले. आई दूध तापवत होती. मी न्हाणीघरात गात होते.

बोका आतल्या खोलीतून निघाला. त्याला सगळ्या फळ्या पाठ होत्या, तो खाली बघायचाच नाही. ठकीने पाहिलं. ती म्हणते, त्याने पाय अगदी बरोबर जागेवर टाकला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसा पडला?"

"पलंगावरून," बाबा म्हणाले.

"आमच्याकडे पलंग नाहीये," ठकी म्हणाली. "तो खोलून ठेवलाय. आमच्याकडे खड्डा आहे."

डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या नखांतल्या सिमेंटकडे पाहिलं आणि कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. नडगी मोडली होती. मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर, सहा आठवडे.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात आईजवळ गेले. "मी विचारलं नसतं तर फळी जागेवरच राहिली असती ना गं?"

आईने दुधाचं करपलेलं पातेलं घासायचं थांबवलं नाही. "तू एकदा विचारलंस. मी दोन वर्षं विचारलं नाही. जास्त कुणाचं चुकलं, ते तूच बघ."

तिने मला जवळबिवळ घेतलं नाही. मीही गेले नाही.

तेवढ्यात पुढून ठण्ण आवाज आला. सकाळचं सिमेंट घमेल्यात दगड झालं होतं आणि बाबा ते छिन्नीने फोडत होते. प्रत्येक घावाला बोका दचकायचा, पाय हलायचा आणि तो किंचाळायचा.

"सहा आठवडे आहेत," बाबा मान वर न करता म्हणाले. "त्याचं प्लास्टर निघायच्या आत फरशी. शप्पथ."

छिन्नी सारखी निसटत होती आणि ते ती पुन्हा तिथेच टेकवत होते. मला त्यांची दया आली, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. कारण दया आली की या घरात सगळे गप्प बसतात.

मी मावशीला फोन लावला. ती फक्त "या" म्हणाली. मग मी आईला हाताला धरून पुढच्या खोलीच्या दारात आणलं.

"बाबा, छिन्नी खाली ठेवा. आई, तूही ऐक. बोका, ठकी आणि मी आज मावशीकडे राहायला जातोय. शाळेला मी तिकडून दोन बस बदलून जाईन. गवंडी बोलवा नाहीतर नका बोलवू, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण शेवटची फरशी बसेपर्यंत मी या दोघांना इथे आणणार नाही. आई, तुला यायचं असेल तर तुझे कपडे भर."