तपासलेली वही

“द्वारका?”

कोणी ‘हजर’ म्हटलं नाही. सलग पाचवा दिवस. दहावीचा वर्ग, फेब्रुवारी महिना, परीक्षा तोंडावर आलेली, आणि या पोरीला सुट्ट्या सुचताहेत! मी तशी तापट बाई. हजेरीपट टेबलावर आपटला.

“कुठं उलथली ही? कोणाला काही माहीत आहे का?”

सगळा वर्ग खाली बघायला लागला. तिच्या शेजारी बसणारी मनकर्णा तेवढी उठली.

“म्याडम, तिचं लगीन झालं. बुधवारी.”

“लगीन? पंधरा वर्षांच्या पोरीचं? आणि मला एका शब्दानं कोणी सांगू नये? तोंडं शिवली होती का तुमची?”

मनकर्णाला रडूच फुटलं. “तिनं तुमाला लिवून दिलतं की, म्याडम. वहीत.” तिने दप्तरातून द्वारकाची इंग्रजीची वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. “जायच्या आदी माझ्यापशी देऊन गेली. म्हणली, ठेव तुला.”

बजाजनगरच्या आमच्या शाळेत मी एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवते. दोन आठवड्यांपूर्वी मी वाक्यांचा एक प्रकार घेतला होता: एक विशेषण, त्याच्या जोडीला ‘आयएनजी’ लावलेलं क्रियापद, आणि मध्ये ‘अँड’ नाहीतर ‘बट’. ही इज टायर्ड बट स्मायलिंग. तो दमलाय, पण हसतोय. एवढं घोटून घेतलं की पोरांचे दोन मार्क कुठे जात नाहीत. “आपापल्या घरातल्या माणसांवर अशी वाक्यं लिहून आणा,” असं मीच सांगितलं होतं.

बासष्ट वह्या घरी आणल्या आणि गेल्या रविवारी एका बैठकीत हातावेगळ्या केल्या. गॅसवर वरण, समोर टीव्ही, हातात लाल पेन. आमचे हे, काकासाहेब, पाळी संपवून कंपनीतून आले होते. चहा पिता पिता म्हणाले, “वाचतेस का नुसत्या रेघोट्या ओढतेस?” मी म्हटलं, “माझ्या डोळ्याला चूक आपोआप दिसते. तुम्ही तुमचा चहा प्या.” आणि ते खरंही होतं.

वर्गासमोर उभ्या उभ्या मी द्वारकाची वही उघडली. सुबक अक्षर. प्रत्येक ओळीपुढे माझी लाल खूण.

माय मदर इज सिक अँड कफिंग. आई आजारी आहे, खोकतेय. माय फादर इज अँग्री अँड शाउटिंग. अंकल इज हॅपी अँड बाइंग सारी. काका खूश आहे, साडी घेतोय. आय ॲम यंग बट मॅरिइंग ऑन वेन्सडे. मी लहान आहे, पण बुधवारी माझं लग्न आहे.

त्या ओळीत मी ‘मॅरिइंग’ खोडून वर ‘गेटिंग मॅरिड’ लिहिलं होतं. माझ्याच हाताने. आणि पुढे बरोबरची खूण केली होती.

शेवटची ओळ होती, मॅडम इज काइंड अँड कमिंग. मॅडम प्रेमळ आहेत, आणि येताहेत. तिच्याखाली माझी सही, तारीख, आणि ‘अक्षर छान’ असा शेरा.

जन्मभर दुसऱ्यांना म्हणत आले, पाट्या टाकू नका म्हणून. मी काय केलं होतं?

इंग्रजीतच का लिहिलं, ते मनकर्णाने मधल्या सुट्टीत सांगितलं. द्वारकाचा चुलत भाऊ सांडू याच वर्गात. शाळेतली प्रत्येक गोष्ट तो घरी नेऊन सांगायचा. “साळंत तोंड उघडलंस तर तंगडं मोडीन,” असं बापाने बजावलेलं. घरात इंग्रजी कोणाला येत नव्हतं, आणि सांडू तर वर्गात शेवटून दुसरा. मी दिलेला अभ्यास करता करता पोरीने घरच्यांच्या डोळ्यांदेखत मला चिठ्ठी लिहिली होती.

मुख्याध्यापकांकडे गेले. ते चष्मा पुसत म्हणाले, “अक्षता पडल्या आता, म्याडम. शाळेचं नाव कशाला मध्ये आणता?” त्यांच्याशी भांडायलासुद्धा मला तोंड नव्हतं.

शाळा सुटल्यावर द्वारकाच्या घरी गेले. पत्र्याची एक खोली, दारात दोन शेळ्या. हे मूळचे मेंढरांमागे फिरणारे लोक. मेंढरं विकून बाप मुंजाबा इकडे मजुरीला लागला होता. तो घरी नव्हता. आई सखूबाई एका कँटिनात भांडी घासायची. मला बघून ती दचकली नाही की चिडली नाही. सतरंजी अंथरली.

“सखूबाई, अहो, तुम्ही तरी थांबवायचं ना!”

“माझं काय चालतंय, म्याडम?” बोलताना तिला खोकल्याची उबळ आली. “दिरानं स्थळ आणलं. आमी दोघंबी कामावं, पोरगी घरी एकली, जमाना खराब, असं यांच्या डोस्क्यात भरलं. पोरगी मला म्हणली, आई, म्याडमला समदं लिवलंय. त्या येत्याल. मंग मीबी वाट पाह्यली.”

“तुम्हीसुद्धा?”

“व्हय. तुमचा शब्द यांनी मोडला नसता. मास्तरणीला लई मानत्यात. सोमवारी वही माघारी आली, तवा तिनं मला तांबडी शाई दावली. म्हणली, आई, वाचलंय त्यांनी. हे बघ, चूकबी नीट केली. मंगळवारपस्तोर दाराकडं बघत व्हती. मंग गुमान हळदीला बसली. रडलीबी नाय.”

सखूबाईने पदराने तोंड पुसलं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने मला पाणी दिलं.

आता एकच हातात होतं. द्वारकाचं हॉलतिकीट शाळेत आलं होतं. लग्न नाही मोडता आलं, निदान तिची दहावी तरी मी बुडू देणार नव्हते. सासर पिशोरकडचं निघालं, आणि पिशोर माझं माहेर. भावाला फोन केला. तो म्हणाला, ती माणसं गावाबाहेरच्या रानात उतरलीत, खतासाठी एकाने शेतात मेंढरं बसवून घेतलीत, पण सोमवारी तळ हलणार. रविवारी ह्यांच्या गाडीवर मागे बसून मी निघाले.

कापणी झालेल्या शेतात तंबू, बाजूला जाळी लावून कोंडलेली कोकरं. द्वारका तीन दगडांच्या चुलीपाशी बसली होती. डोक्यावर पदर, कोपरापर्यंत हिरवा चुडा. आठ दिवसांत पोर पाच वर्षांनी मोठी दिसायला लागली होती. तिने माझ्या पाया पडून चहा टाकला. नवरा मेंढरांमागे गेला होता. सासू आक्काबाई मला बाजेवर बसवून स्वतः खाली बसली.

मी हॉलतिकीट पुढे केलं. “आक्काबाई, महिनाभर माझ्याकडे राहू द्या हिला. पेपर झाले की मी स्वतः आणून सोडते. पोरगी हुशार आहे हो. हात जोडते तुम्हाला.”

“हात नका जोडू, म्याडम, पाप लागंल आमाला.” आक्काबाई मनापासून ओशाळली. “पर उद्याच गंगथडीला, गोदावरीकडं, निघायचं. कोकरं कोण बघंल, भाकरी कोण थापंल? माझं गुडघं गेलं. त्याच्यापायीच तर सून आणली. लगीन झाल्यावं कसली परीक्षा?”

मी रागावले, समजावलं, कायदा सांगितला. ती नुसती मान हलवत राहिली. मग मी द्वारकाकडे वळले. “तू बोल ना गं. यायचंय तुला?”

तिने कपात चहा ओतला. “ऱ्हाऊ द्या, म्याडम,” म्हणाली.

चहा संपला. हे गाडीपाशी जाऊन उभे राहिले. मी उठले, तशी आक्काबाई म्हणाली, “द्वारके, म्याडम सवाशीण हायेत. रित्या पदरानं धाडती व्हय? ओटी भर.”

तांदूळ नव्हते. द्वारकाने ताटलीत ज्वारी आणली, माझ्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. पदर पुढे घ्यायला मी वाकले, तेव्हा तिने सासूला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं,

“म्याडम, तुमी वाचलं व्हतं ना?”

खोटं बोलावं असं मनात आलं. पण कुठलं खोटं बोलणार होते मी?

“नाही गं,” मी म्हटलं. “वाचलंच नाही. नुसत्या चुका बघितल्या. बासष्ट वह्या होत्या. माझं चुकलं, बाळा.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वाटलं, आता ताटली फेकून देईल. पण तिचे आवळलेले ओठ सैल झाले, डोळे भरून आले, आणि ती चक्क हसली.

“खरंच?” ती म्हणाली. “मंग बरं. मला वाटलं, वाचूनबी तुमी आल्या नाईत.”

तिने ओंजळ भरली आणि माझ्या पदरात घातली. दुसरी ओंजळ घातली. तिसरी भरून ती थांबली, कारण पदराचं एक टोक सोडून मी डोळे पुसत होते.

“पदर नीट धरा, म्याडम,” ती म्हणाली. “सांडायलंय.”